साक्षरता वर्ग ते पदवी : मधला टप्पा कोणाचा?

प्रौढ शिक्षणाच्या वर्गातून निघून महाविद्यालयापर्यंत पोचलेला विद्यार्थी आजही अपवादानेच भेटतो. प्रौढ विद्यार्थ्याला शिकायची हौस नसते किंवा ते त्याच्या आवाक्यातले नसते, असे मानण्याची प्रथा आहे. पण अडचण मुख्यतः व्यवस्थेच्या रचनेत आहे. महाराष्ट्रात साक्षरतेचे काम शिक्षण संचालनालय (योजना) पाहते, दहावी-बारावीच्या परीक्षा राज्य मंडळ घेते आणि पदवी विद्यापीठ देते. प्रत्येकाचे नियम, अर्ज आणि तारखा वेगवेगळ्या. एकाचे काम संपते तिथून दुसऱ्याचे काम लगेच सुरू होत नाही. मध्ये काही वर्षांचे अंतर राहते. ते अंतर विद्यार्थ्याने एकट्याने, नोकरी आणि घर सांभाळून, कोणाला काय विचारायचे हेही ठाऊक नसताना पार करावे, अशी अपेक्षा असते. बहुतेकांचे शिक्षण याच अंतरात थांबते. साक्षरता वर्ग, रात्रशाळा, स्वयंसेवी संस्था, मुक्त विद्यापीठ आणि नेहमीची महाविद्यालये यांनी हा मधला टप्पा आपसात वाटून घेणे, आणि कोणता भाग कोणाचा हे आधी ठरवणे, याला या क्षेत्रात भागीदारी म्हणतात.

‘प्रौढ विद्यार्थी’ या नावाखाली फार निरनिराळी माणसे येतात. चाळिशीत पहिल्यांदा सही शिकलेली शेतमजूर बाई त्यात येते. सातवी-आठवीत शाळा सुटून लग्न झालेली आणि मुले मोठी झाल्यावर दहावीचा विचार करणारी गृहिणी येते. दिवसा दुकानात किंवा कारखान्यात काम करून संध्याकाळी रात्रशाळेत बसणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा येतो. दहावीला गणितात किंवा इंग्रजीत राहिलेला, आणि त्यानंतर पंधरा वर्षे त्या विषयाचे नाव न काढलेला माणूसही येतो. या सगळ्यांनी पदवीच घ्यावी असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’त साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका अक्षरे गिरवू लागल्या; त्यांना पोथी वाचायची होती, स्वतःची सही करायची होती, आणि ते उद्दिष्ट त्यापुरते पूर्ण आहे. इथे विचार आहे तो ज्यांना पुढे जायचे आहे, ज्यांचे वय अजून कमावण्याचे आहे आणि ज्यांच्या नोकरीची पुढची पायरी एका प्रमाणपत्रावर अडली आहे त्यांचा. अंगणवाडी मदतनीस बाईला सेविका व्हायचे असेल, वॉर्डात मदतनीस म्हणून राबणाऱ्या मुलीला परिचारिका व्हायचे असेल, तर बारावीच्या गुणपत्रिकेवाचून पुढचा रस्ता उघडत नाही.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर कष्ट करणाऱ्याला शिकवायचे तर शाळेने आपली वेळ बदलली पाहिजे, हे तत्त्व तेव्हाच प्रत्यक्षात आले. पण शिक्षणाच्या एका पायरीवरून दुसरीवर नेणारी सलग व्यवस्था म्हणून अधिक अभ्यासण्याजोगे उदाहरण पुणे सेवासदनाचे आहे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या या संस्थेत विधवा आणि विवाहित प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग होते, आणि ते घरकाम आटोपल्यावर, दुपारच्या वेळी भरत. वर्ग पूर्ण झाल्यावर बाईला नुसता निरोप दिला जात नसे. शिक्षिका होऊ इच्छिणारीसाठी संस्थेचेच अध्यापिका विद्यालय होते. परिचारिका होऊ इच्छिणारीसाठी ससून रुग्णालयाशी संधान होते; तिचे प्रशिक्षण रुग्णालयात होई, आणि राहण्याची सोय व घरच्यांची समजूत हा भार सेवासदन उचलत असे. प्रौढ वर्ग, वसतिगृह, प्रशिक्षण संस्था आणि नोकरी देणारे रुग्णालय अशी चारही टोके इथे एकमेकांना जोडलेली होती. शंभर वर्षांनंतरच्या योजनांच्या आराखड्यांत जे शोधावे लागते, ते तिथे साध्या व्यवहारात उतरले होते. याचे कारण बहुधा हे, की संस्थेपुढे साक्षरांची संख्या नव्हती. अमुक एक बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली की नाही, एवढाच प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर प्रमाण वाढले आणि मोजमापही बदलले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली आणि पुढे राज्यभर पसरलेली ग्रामशिक्षण मोहीम हा लोकसहभागाचा मोठा प्रयोग होता. गाव पूर्ण साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई, गावकरी शपथ घेत. उत्साह खरा होता. मात्र समारंभानंतर वाचायला काही मिळाले नाही, पुढचा वर्ग उघडला नाही, आणि नवसाक्षरांपैकी अनेक जण काही वर्षांत अक्षरे विसरले. हा अनुभव पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आखणीत नमूद होत गेला. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, २००९ मध्ये साक्षर भारत आणि २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम, जो आता ‘उल्लास’ या नावाने ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात पंधरा वर्षांवरील निरक्षरांची संख्या २५.७६ कोटी होती. साक्षर भारतच्या काळात ७.६४ कोटी लोकांना साक्षर म्हणून प्रमाणित केले गेले. आकडे मोठे आहेत आणि त्यांच्यामागे असंख्य स्वयंसेवकांचे कष्ट आहेत. परंतु त्या ७.६४ कोटींपैकी किती जणांनी पुढे आठवीची, दहावीची परीक्षा दिली, हे सांगणारा रकाना योजनेच्या हिशोबात ठळक नव्हता. ज्याची नोंद होत नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

‘उल्लास’च्या रचनेत मात्र एक महत्त्वाची सोय आहे. कार्यक्रमाचे पाच घटक आहेत : पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. यांतल्या मूलभूत शिक्षणात समकक्ष परीक्षांच्या मार्गाने माध्यमिक स्तरापर्यंत नेण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात सारा भर पहिल्या घटकावर पडतो. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० अशी १५० गुणांची चाचणी होते, महाराष्ट्रात ती प्रथम १७ मार्च २०२४ रोजी झाली, आणि उत्तीर्णांना प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्राला जोडून पुढच्या पायरीचा अर्ज हाती देणारे कोणी असेल तरच कागदावरचा चौथा घटक जागा होईल.

महाविद्यालये आणि प्रौढ वर्ग यांचा संबंध कधी आलाच नाही असे मात्र नाही. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली; १९७८ नंतर विद्यापीठांत प्रौढ शिक्षणाचे विभाग उभे राहिले, ज्यांना आज आजीवन अध्ययन व विस्तार विभाग अशा नावांनी ओळखले जाते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत या विभागाचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना वाढीव गुणही मिळतात. दरवर्षी हजारो तरुण-तरुणी वस्त्यांत जातात, सर्वेक्षण करतात, पथनाट्य करतात, काही जण मनापासून शिकवतातही. पण ही वाटचाल एकाच दिशेने होत आली आहे. महाविद्यालय वस्तीत जाते. वस्तीतली बाई महाविद्यालयात विद्यार्थिनी म्हणून येईल, ही कल्पना उपक्रमाच्या आखणीत क्वचितच असते. जी संस्था पन्नास वर्षे दारापर्यंत येते आहे, तिने परतताना एखाद्या विद्यार्थिनीला बरोबर आणावे, एवढा साधा बदल भागीदारीची सुरुवात ठरू शकतो. त्यासाठी नवे खाते लागत नाही. आहे त्याच विभागाच्या कामात प्रवेश, कागदपत्रे आणि पहिल्या वर्षाची सोबत या गोष्टी आणाव्या लागतात.

आजच्या घडीला शाळा सुटलेल्या माणसापुढे दहावी-बारावीपर्यंत जाण्याचे काही मार्ग आहेत. सर्वांत परिचित म्हणजे राज्य मंडळाचा ‘१७ नंबरचा फॉर्म’. शाळेत नियमित न बसता खासगी विद्यार्थी म्हणून याच मार्गाने दहावी-बारावीला बसता येते. परिसरातली एखादी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र असते. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. १९८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सोडवत पुढे जाता येते. राज्य मंडळात दोन विषयांत उत्तीर्ण झालेल्याला त्या विषयांचे गुण इकडे आणता येतात. नोकरी करणाऱ्याला हे फार सोयीचे आहे. प्रौढांसाठी या संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तरही आहेत, आणि साक्षरता वर्ग ते माध्यमिक परीक्षा यांमधली पोकळी भरून काढण्याची ताकद त्यांत आहे. राज्यानेही पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीसाठी आपले मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केले आहे. आयटीआय केलेल्या तरुणाला भाषा विषयांची परीक्षा देऊन समकक्षता मिळवण्याची सोय आहे, आणि तिची माहिती आयटीआयच्या आवाराबाहेर फारशी पोचलेली नाही.

या मार्गांच्या वरच्या टोकाला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे आहे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद गंभीरपणे घेतले. विद्यापीठाचा सर्वांत धाडसी निर्णय म्हणजे पूर्वतयारी शिक्षणक्रम. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि लिहिता-वाचता येणाऱ्या कोणालाही, शाळेचा कोणताही दाखला नसला तरी, सहा महिन्यांचा हा शिक्षणक्रम करून बी.ए. किंवा बी.कॉम.ला प्रवेश घेता येई. अनेक वर्षे चाललेल्या या सोयीने शेतकरी, गृहिणी, पोलीस शिपाई, कामगार अशा कितीतरी जणांना पदवीधर केले. पुढे दूरशिक्षणाचे नियम कडक होत गेले, आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांना उशिरा कळली : पूर्वतयारी म्हणजे बारावीची समकक्षता नव्हे. पदवी हाती असूनही ‘दहावी, बारावी, पदवी’ अशी साखळी मागणाऱ्या नोकरभरतीत किंवा पुढच्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात काहींची अडवणूक झाली. मोठ्या माणसाने हिंमत करून घेतलेल्या शिक्षणाला नंतर उणे लेखले जावे, ही त्याच्यावर झालेली फार मोठी अन्यायाची गोष्ट आहे. यातून निघणारा धडा नियोजनाचा आहे. वरचे दार उघडणाऱ्या संस्थेने खालच्या मंडळाशी आणि पुढच्या नोकरदात्याशी मान्यतेबाबत आधीच करार केला नाही, तर किंमत विद्यार्थी मोजतो.

मार्ग असूनही माणसे अडतात ती कुठे, हे बारकाईने पाहिल्याशिवाय भागीदारीत काय असावे ते ठरत नाही. पहिला अडसर कागदांचा असतो, आणि बाहेरच्याला तो क्षुल्लक वाटतो. शाळा सोडल्याचा दाखला वीस वर्षांपूर्वीच्या गावच्या शाळेत असतो. कधी शाळा बंद झालेली असते, कधी नोंदवही भिजून गेलेली असते. विवाहित बाईचा दाखला माहेरच्या नावाने, आधार कार्ड सासरच्या नावाने. नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यायचा तर फी आणि वेळ दोन्ही जातात. दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख जुळेलच असे नाही. शिक्षणात खंड पडल्याबद्दल प्रतिज्ञापत्र करून ‘गॅप सर्टिफिकेट’ द्यावे लागते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधारची जोडणी, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर नोंदणी, अशी रांग लागते. प्रत्येक कामासाठी एकेक दिवसाची मजुरी बुडते. अभ्यासाला सुरुवात होण्याआधीच माणूस दमतो, आणि तारीख उलटून गेली की पूर्ण वर्ष जाते.

दुसरा अडसर वेळेचा. नियमित महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीचा नियम असतो आणि तासिका दिवसा असतात. यावर उपाय नवा शोधावा लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने तासिका सकाळी ठेवल्या, म्हणजे नोकरदार मुलांना कॉलेज करून कामावर वेळेत पोचता यावे. त्याच काळात साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर रयत शिक्षण संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली उभे केले. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याचे पोट आणि विद्यार्थ्याचे पुस्तक यांची सांगड महाविद्यालयाने घालून दिली होती. आजची सकाळची आणि रात्रीची महाविद्यालये याच विचाराची वारसदार आहेत. रात्रशाळेतून दहावी-बारावी झालेला मुलगा त्यांचा स्वाभाविक विद्यार्थी ठरावा. पण रात्रशाळा आणि रात्रमहाविद्यालय यांच्यात प्रवेशाचा ठरलेला करार नसल्याने तो इकडेतिकडे विखुरतो.

तिसरा अडसर अभ्यासाचा आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ३५ टक्क्यांवर दहावी सुटली म्हणजे महाविद्यालयीन वाचनाची तयारी झाली असे होत नाही. मार्गदर्शके पाठ करून परीक्षा सुटते. पण पदवीच्या वर्गात पन्नास पानांचे प्रकरण वाचून त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडावा लागतो. इंग्रजीचा धाक तर मराठी माध्यमाच्या नियमित विद्यार्थ्यालाही सुटत नाही. गणितात अपूर्णांक आणि टक्केवारी कच्ची राहिलेली असते, आणि बाजारहाटात तोंडी हिशोब चटकन करणारी बाईही कागदावरचे तेच उदाहरण पाहून थिजते. प्रौढ माणसाचे हे तोंडी गणित, त्याचा व्यवहार, त्याच्या कामातले कौशल्य यांचा आधार घेऊन शिकवले तर प्रगती झपाट्याने होते, हे चांगले शिक्षक जाणतात. मात्र अशी शिकवण कोणी द्यायची? शाळा म्हणते, विद्यार्थी उत्तीर्ण झाला. महाविद्यालय म्हणते, हे शाळेत यायला हवे होते. मधल्या टप्प्यावर कोणाचीच मालकी नसल्याचे सर्वांत ठळक रूप इथे दिसते.

चौथी गोष्ट निवडीची, आणि ती अनेकदा परत न फिरवता येणारी असते. १७ नंबरच्या फॉर्मने बारावी करणारे विद्यार्थी प्रामुख्याने कला आणि वाणिज्य शाखेकडे जातात, कारण विज्ञानाला प्रयोगशाळा लागते. परिचारिका होण्याचे स्वप्न असलेल्या मुलीला बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते, हे कला शाखेतून बारावी झाल्यावर कळले तर दोन वर्षे गेली. तिला आधी कोणी नर्सिंग महाविद्यालयाचा प्राध्यापक भेटला असता, तर विषय वेगळे निवडता आले असते किंवा जी.एन.एम.सारखा दुसरा मार्ग वेळीच समजला असता. प्रौढ वर्गात महाविद्यालयाचा माणूस लवकर यायला हवा तो यासाठी. दहावीच्या निकालानंतरचे मार्गदर्शन शिबिर त्या मानाने फार उशिराचे असते.

महाराष्ट्रात या अडसरांवर काम करणाऱ्या काही व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. निकिता केतकर यांनी २००८ साली मुंबईत स्थापन केलेल्या ‘मासूम’ या संस्थेने रात्रशाळांना हात घातला. रात्रशाळा बहुधा दिवसाच्या शाळेच्या इमारतीत भरतात. प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाला संध्याकाळी कुलूप असते. कामावरून थेट आलेला विद्यार्थी उपाशी असतो. संस्थेने खाऊ, पुस्तके, फिरती प्रयोगशाळा अशी मदत देत मुलांना दहावीपर्यंत टिकवण्यावर भर दिला आणि पुढच्या वाटेचे मार्गदर्शनही जोडले. ‘प्रथम’ या संस्थेचा २०११ पासूनचा ‘सेकंड चान्स’ कार्यक्रम शाळा सुटलेल्या मुली आणि स्त्रियांसाठी आहे. थेट दहावीची पुस्तके न उघडता आधी पायाभूत अभ्यासक्रम घेऊन भाषा-गणिताची डागडुजी करायची आणि मग परीक्षेकडे वळायचे, ही त्याची पद्धत. गळतीचे मूळ ओळखून केलेली ही रचना दहावीच्या पुढे, पदवीच्या उंबरठ्यावरही तितकीच उपयोगी पडावी.

मुक्त विद्यापीठाचे अभ्यास केंद्र हीदेखील मुळात भागीदारीच आहे. केंद्र नेहमीच्या महाविद्यालयात असते, तिथलेच प्राध्यापक समंत्रक म्हणून येतात, सुटीच्या दिवशी संपर्क सत्रे होतात. म्हणजे इमारत, शिक्षक, ग्रंथालय हे सारे एका ठिकाणी आलेले आहे. केंद्र सचेतन असेल तर तिथे प्रौढ विद्यार्थ्याला हक्काची जागा मिळते. केंद्र नुसते अर्ज आणि परीक्षा यांपुरते उरले तर संपर्क सत्र कागदावर राहते आणि पुस्तकांचा गठ्ठा घरच्या फळीवर. नागपूर मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी मुक्त विद्यापीठांची केंद्रे चालतात. तिथे नोंदणी, पुस्तके, अभ्यासाची वेळ आणि परीक्षा हे सर्व एकाच प्रशासनाच्या देखरेखीखाली येते, आणि शिक्षण पूर्ण करणाऱ्याला शिक्षेत सूटही मिळते. बाहेरच्या मोकळ्या माणसाला जी जुळणी मिळत नाही ती आत मिळते, ही वस्तुस्थिती विचारात टाकणारी आहे.

व्यक्तीवर उभी राहिलेली जोडणी किती नाजूक असते, हेही रात्रशाळांनी अनुभवले आहे. दिवसाच्या शाळेतले शिक्षक संध्याकाळी रात्रशाळेत शिकवत. त्यांच्या ओळखीतून मुलांना प्रवेश, फीमाफी, नोकरीतली सवलत अशी कामे होत. २०१७ साली अशा दुबार नोकरी करणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून कमी करण्याचा निर्णय झाला. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की शिक्षक गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीही गेल्या, कारण त्या संस्थेच्या दफ्तरात कुठेही नोंदलेल्या नव्हत्या.

इतर देशांतले अनुभव या बाबतीत उपयोगाचे आहेत. ब्रिटनमध्ये १९७८ साली शिक्षण विभागाने सात स्थानिक प्राधिकरणांना प्रौढांसाठी उच्च शिक्षणाचे तयारी वर्ग सुरू करण्यास सुचवले. वांशिक अल्पसंख्य समाजातून शिक्षक आणि समाजकार्यकर्ते तयार व्हावेत हा हेतू होता. त्यातून वाढलेले ‘ॲक्सेस’ अभ्यासक्रम हा आज विद्यापीठ प्रवेशाचा मान्य मार्ग आहे. सुरुवातीच्या अभ्यासक्रमांचे बळ असे, की ते शिकवणारे महाविद्यालय आणि पुढे प्रवेश देणारी संस्था यांनी एकत्र बसून आखले होते. त्यामुळे तयारी कशाची करायची याबद्दल वाद उरला नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या सामुदायिक महाविद्यालयांनी २००४ च्या सुमारास ‘आय-बेस्ट’ ही पद्धत आणली. एकाच वर्गात दोन शिक्षक : एक व्यवसाय विषयाचा, दुसरा भाषा-गणिताचा. आधी इंग्रजी सुधारा आणि मग नर्सिंगला या, असे सांगण्याऐवजी नर्सिंग शिकता शिकता इंग्रजी पक्के केले जाते. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासांत या विद्यार्थ्यांना श्रेयांक आणि प्रमाणपत्र मिळण्याचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००९ मध्ये वेगळी युक्ती केली. कच्चा पाया असलेल्या विद्यार्थ्याने पदवीची नोंदणी एक सत्र पुढे ढकलायची आणि ते सत्र ७५ डॉलरच्या नाममात्र फीत भाषा-गणिताच्या सघन वर्गात घालवायचे. त्यामुळे त्याची शासकीय आर्थिक मदत तयारीच्या वर्गांवर खर्च न होता पदवीसाठी शिल्लक राहते. महाराष्ट्रात बी.ए.च्या पहिल्या वर्षात नापास होऊन शिष्यवृत्ती गमावणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार केला तर या युक्तीचे मोल कळते.

या सर्व अनुभवांवरून अशा भागीदारीच्या कराराच्या मजकुरात काय असायला हवे, हे बऱ्याच अंशी सांगता येते. विद्यार्थ्याने प्रौढ वर्गात नाव घातले त्या दिवसापासून त्याच्या कागदपत्रांची फाईल तयार करण्याचे काम स्वयंसेवी संस्थेकडे किंवा बचत गटाच्या फेडरेशनकडे द्यावे. महिला आर्थिक विकास महामंडळासारख्या (माविम) यंत्रणेचा गावोगाव विस्तार असल्याने तिथे बाईपर्यंत पोचण्याची सोय आधीच आहे. महाविद्यालयाने आपली एखादी खोली, ग्रंथालय आणि आठवड्यातले काही तास प्रौढ वर्गाला द्यावेत. इमारतीची भीती मोडायला याहून चांगला उपाय नाही, कारण बारावीचा अभ्यास जिथे केला त्याच फाटकातून पदवीच्या पहिल्या दिवशी आत जाता येते. भाषा-गणिताच्या तयारीचा अभ्यासक्रम दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळून लिहावा आणि त्याचे मानधन कोणाच्या अंदाजपत्रकातून जाईल ते नमूद करावे. हा शेवटचा मुद्दा टाळला जातो आणि चांगले करार दुसऱ्या वर्षी त्यावरच बंद पडतात. नोकरी देणाऱ्यालाही सामील करून घेणे जमले तर फार उत्तम : परीक्षेच्या काळात भरपगारी रजा आणि पाळी बदलून देणे एवढे जरी कारखान्याने, रुग्णालयाने किंवा दुकानमालकाने मान्य केले, तरी हजेरीचा अर्धा प्रश्न सुटतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययनाला स्वतंत्र प्रकरण आहे; त्यात शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीच्या दिवशी शाळा-महाविद्यालयांच्या इमारती प्रौढ वर्गांसाठी वापरण्याचा विचार आहे. श्रेयांक पेढी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) २०२१ पासून आणि राष्ट्रीय श्रेयांक आराखडा २०२३ पासून अस्तित्वात आले आहेत. शिक्षणात मध्येच थांबून पुन्हा यायची मुभा, कामातून मिळवलेल्या कौशल्याला श्रेयांक ही कल्पना प्रौढ विद्यार्थ्यासाठी जणू मुद्दाम केलेली आहे. मात्र पेढीत खाते उघडून देणारा, वीस वर्षे शिवणकाम केलेल्या बाईच्या हातातले कौशल्य तपासून त्याचे श्रेयांक नोंदवणारा आणि ते श्रेयांक कोणत्या अभ्यासक्रमात धरले जातील हे लेखी सांगणारा माणूस स्थानिक महाविद्यालयात बसलेला असावा लागतो.

पदवीच्या पहिल्या वर्षात प्रौढ विद्यार्थ्याला सोबत कोणी करायची, हा कराराचा शेवटचा आणि बहुतेक वेळा राहून जाणारा भाग. प्रौढ वर्गाच्या शिक्षिकेचे काम प्रवेश झाल्यावर संपले असे धरले जाते, आणि महाविद्यालयाच्या दृष्टीने तो दीडशे जणांच्या तुकडीतला एक हजेरी क्रमांक असतो. पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी, घरात आजारपण आले किंवा हंगामाचे काम वाढले की तो येईनासा होतो. त्याच्या घरी फोन कोणी करायचा, त्याचे नाव पटावरून काढण्याआधी किती दिवस थांबायचे, पुढच्या सत्रात परत यायचे असेल तर फी पुन्हा भरावी लागेल का, या गोष्टी दोन्ही संस्थांनी आधी लिहून ठेवायच्या असतात. प्रौढ वर्गाच्या आणि महाविद्यालयाच्या नोंदी एकाच क्रमांकाने जोडल्या, आणि वर्गातून गेलेल्या प्रत्येकाचे दुसऱ्या वर्षापर्यंत काय झाले हे वर्गाच्या अहवालातही छापले जाऊ लागले, म्हणजे साक्षरांच्या आकड्याशेजारी तो दुसरा रकाना तयार होईल.